बांधकामाच्या खोदकामात मानवी अवशेष सापडल्यास काय करावे

घराचा पाया, जलवाहिनीची चर, शाळेची नवी इमारत किंवा रस्त्याचे रुंदीकरण अशा कोणत्याही कामात जमीन उकरली की हाडे निघण्याची शक्यता असते, कारण माणसे जिथे पिढ्यान् पिढ्या राहिली त्याच्या आसपासच त्यांनी आपले मृत पुरले आणि पुढे त्यातल्या बहुतेक जागांच्या खुणा पुसल्या गेल्या. मोठ्या शहरांतील प्रकल्पांवर पुरातत्त्वज्ञ पुष्कळदा आधीपासून नेमलेले असतात. लहान गावात पहिला निर्णय घ्यावा लागतो तो यंत्रचालकाला, मुकादमाला, घरमालकाला किंवा गावाच्या कारभारात नुकत्याच आलेल्या एखाद्या सदस्याला, आणि त्याने असा प्रसंग पूर्वी पाहिलेला नसतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. कायदे देशागणिक बदलतात, त्यामुळे आपल्या भागातील नियम स्वतंत्रपणे पाहावे लागतीलच. कामाचा क्रम मात्र बहुतेक सर्वत्र सारखाच राहतो.

पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचनांमागे एकच कारण आहे. हाड प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा तपासता येते, पण ते जमिनीत कोणत्या खोलीवर, कोणत्या बाजूला तोंड करून आणि कशाच्या शेजारी पडले होते हे एकदाच पाहता येते. ती मांडणी विस्कटली की तो मृत्यू कालचा की हजार वर्षांपूर्वीचा, ते दफन होते की लपवाछपवी, या प्रश्नांची उत्तरे अवघड होतात आणि काही वेळा कायमची जातात.

पहिली पायरी: यंत्र थांबवणे

हाडासारखे काही दिसताच त्या ठिकाणचे खोदकाम ताबडतोब थांबवावे. जेसीबीचा दात मातीत रुतलेला असेल तर तो झटक्याने वर उचलू नये. आहे तसा ठेवून इंजिन बंद करावे, कारण त्या एका हालचालीने सांगाडा अर्धा उखडला जाऊ शकतो. त्यानंतर चालकाने यंत्रावरून उतरताना कोणत्या वाटेने उतरायचे हेही पाहावे. सापडलेल्या जागेभोवती किमान काही मीटर अंतरावर खुंट ठोकून दोरी बांधावी आणि आत कोणीही जाणार नाही अशी एका व्यक्तीवर जबाबदारी द्यावी. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ असे सांगितले की प्रत्यक्षात कोणीच लक्ष ठेवत नाही, म्हणून माणूस नेमून द्यावा.

हाडे दिसायच्या आधीच त्या जागेची बरीच माती उपसून झालेली असते, आणि नवख्या माणसाचे हमखास दुर्लक्ष होते ते या मातीकडे. बाजूला टाकलेला ढीग हलवू नये, त्यावर नवी माती टाकू नये. सकाळपासून किती गाड्या भरून गेल्या, त्या कुठे रिकाम्या केल्या, हे चालकांना विचारून त्याच दिवशी लिहून ठेवावे. पुढे तज्ज्ञ ही माती चाळणीतून काढतात आणि दात, बोटांची हाडे, बटणे, खिळे यांसारख्या लहान वस्तू पुष्कळदा तिथेच मिळतात. भरावासाठी दुसऱ्या गावाला गेलेली माती आठवड्याभराने शोधणे जवळजवळ अशक्य असते.

सुरक्षेचा मुद्दाही इथेच येतो. सुक्या, जुन्या हाडांपासून संसर्गाचा धोका सहसा फार कमी असतो, मात्र मऊ ऊती शिल्लक असतील, दुर्गंधी येत असेल किंवा शिशाची पेटी दिसत असेल तर अजिबात जवळ जाऊ नये. खरा धोका आहे तो चरीच्या कडा ढासळण्याचा. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या घरात असते, आणि हाडे पाहायला काठावर गर्दी जमली की आधाराशिवाय उभ्या असलेल्या कडा खचतात. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा नियमांनुसार साधारण दीड मीटरपेक्षा खोल चरीला आधार किंवा उतार द्यावा लागतो. नियम कोणताही असो, कुतूहलापोटी कोणीही खाली उतरू नये.

हाड माणसाचे की जनावराचे?

बांधकामात निघणारी बरीच हाडे गुरांची, कुत्र्यांची, डुकरांची असतात, हे खरे आहे; म्हणूनच ‘जनावराचेच असेल’ असे म्हणून काम पुढे रेटण्याचा मोह होतो. हा निर्णय जागेवरच्या माणसाने घेऊ नये. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात, नवजात बालकात त्याहून पुष्कळ अधिक, कारण त्यातली अनेक पुढे एकमेकांना जुळून येतात. अर्भकाची हाडे इतकी लहान आणि टोकांशी अपूर्ण असतात की ती पक्ष्याची हाडे किंवा खडे वाटतात. उलट अस्वलाच्या पंजाची हाडे माणसाच्या हातापायाची समजली गेल्याची उदाहरणे न्यायवैद्यकातील जाणकारांना चांगली ठाऊक आहेत. कवटी पूर्ण असेल तर माणसाची ओळखणे तुलनेने सोपे, कारण मणक्याचा जोड बसतो ते छिद्र चतुष्पाद प्राण्यांत मागच्या बाजूला आणि माणसात खाली तळाशी असते. पण हे पाहण्यासाठी कवटी उचलून उलटी करायची नाही. शंका असेल तोवर हाड माणसाचेच आहे असे समजून वागावे. चूक निघाली तर फार तर काही तास वाया जातील.

रंगावरून वय ठरवण्याची सवयही सोडावी. हाड ज्या मातीत असते तिचा रंग घेते, त्यामुळे काही वर्षांपूर्वीचे हाड गडद तपकिरी दिसू शकते आणि शेकडो वर्षांचे फिकट. टिकण्याचेही तसेच. आम्लधर्मी मातीत हाड विरघळून जाते. इंग्लंडमधील सटन हू येथे तर वाळूत फक्त शरीराच्या आकाराचा गडद डाग उरलेला सापडला. दलदलीच्या कुजट गाळात हाडे झिजली तरी कातडी टिकते. म्हणजे सांगाडा नसला तरी दफन असू शकते, आणि माणसाच्या उंचीएवढा, कडा स्पष्ट असलेला वेगळ्या मातीचा लांबट पट्टा दिसला तरी थांबण्यास पुरेसे कारण आहे.

झाकणे आणि नोंद करणे

उघडे पडलेले हाड उन्हात भराभर सुकून तडकते आणि पावसात चरीच्या पाण्याबरोबर वाहून जाते. त्यामुळे वर सावली करावी. ताडपत्री खुंटांवर ताणून बांधली तर उत्तम, आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून दोरीच्या बाहेर छोटा चर काढावा. प्लॅस्टिक थेट हाडाला चिकटून राहिले तर आत ओल धरते आणि बुरशी येते. हाडे धुणे, ब्रशने साफ करणे, ‘नीट दिसावीत’ म्हणून भोवतीची माती कोरणे, त्यांवर कसलाही लेप देणे यातले काहीही करू नये. यंत्राने आधीच उचलली गेलेली हाडे ढिगावर दिसत असतील तर ती तिथेच राहू द्यावीत. पाऊस, पूर किंवा भटकी कुत्री यांमुळे ती हलवणे अगदीच अटळ झाले, तर हातमोजे घालून ती कागदी पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावीत, आधी जागेचे छायाचित्र घ्यावे आणि कोणी, कधी, कुठून उचलली हे खोक्यावर लिहावे.

छायाचित्रे दोरीच्या बाहेरून घ्यावीत. एक दूरचे, ज्यात शेजारची भिंत किंवा खांब असा कायमचा खुणेचा भाग येईल. एक मधल्या अंतरावरून. आणि एक जवळचे, ज्यात मोजपट्टी किंवा लांबी माहीत असलेली एखादी वस्तू दिसेल. उत्तर दिशा कुठे आहे ते वहीत लिहावे. सापडल्याची वेळ, यंत्रचालकाचे नाव, अंदाजे खोली, हवामान आणि त्या वेळी हजर असलेल्या माणसांची नावे ही नोंद त्याच दिवशी करावी, कारण दोन दिवसांनी प्रत्येकाची आठवण थोडी वेगळी होते. ही छायाचित्रे तपासाची कागदपत्रे आहेत. ती गावाच्या समूहात किंवा समाजमाध्यमांवर टाकली की रात्रीतून हौशी शोधक येतात, आणि बेपत्ता माणसाच्या घरच्यांना ती बातमी अशा रीतीने कळते जशी कोणालाही कळू नये.

कोणाला आणि काय कळवायचे

पहिला फोन पोलिसांना. हाडे कितीही जुनी वाटोत, हा क्रम बदलू नये, कारण ती गुन्ह्याशी संबंधित नाहीत हे ठरवण्याचा अधिकार पोलीस, न्यायवैद्यक अधिकारी किंवा त्या देशातील मृत्यूची चौकशी करणाऱ्या यंत्रणेचा असतो. त्यानंतर जमीनमालक, कंत्राटदार, प्रकल्पाचे अभियंता, स्थानिक प्रशासन आणि पुरातत्त्व खाते. फोनवर नेमके ठिकाण, काय दिसले, काम थांबवले आहे का आणि जागेवर कोण थांबले आहे एवढेच सांगावे. ‘खून वाटतो’ किंवा ‘जुनी स्मशानभूमी आहे’ असले निष्कर्ष सांगू नयेत. ते अहवालात शिरतात आणि पुढे निघता निघत नाहीत.

घाईचे निष्कर्ष कुठवर नेतात याचे एक विलक्षण उदाहरण इंग्लंडमधील चेशायर परगण्यातले आहे. १९८३ साली लिंडो मॉस या दलदलीत इंधनासाठी गाळ काढणाऱ्या कामगारांना एका स्त्रीच्या कवटीचा भाग सापडला. जवळच राहिलेल्या एका माणसाची पत्नी दोन दशकांहून अधिक काळ बेपत्ता होती. कवटी सापडल्याचे कळताच त्याने आपणच तिला मारल्याची कबुली दिली. नंतर कार्बन-कालमापनात, म्हणजे अवशेषांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या चाचणीत, ती कवटी सुमारे १७०० वर्षांपूर्वीची निघाली. कबुलीच्या आधारे त्याला शिक्षा झाली, पण कवटी त्याच्या पत्नीची नव्हतीच. पुढच्याच वर्षी त्याच दलदलीत प्राचीन काळातील एका पुरुषाचे टिकून राहिलेले शरीर मिळाले. तेव्हा पहिल्या दिवशीच्या अंदाजाला, मग तो पोलिसाचा असो की मुकादमाचा, अंदाजाएवढीच किंमत द्यावी.

तज्ज्ञ आल्यावर काय चालते

या टप्प्यावर काम आपल्या हातातून जाते, तरी तज्ज्ञ काय पाहत आहेत हे समजले की वाट पाहणे सुसह्य होते. एकदा खणलेली माती परत भरली तरी पूर्वीसारखी बसत नाही. तिचे थर मिसळतात, ती भुसभुशीत राहते, आणि त्यावरून खड्ड्याची मूळ कड सापडते. तो खड्डा कोणत्या थरातून खाली गेला आहे यावरून दफन त्या थरानंतरचे आहे हे कळते. सांगाडा पाठीवर सरळ आहे की वेडावाकडा, हात कुठे आहेत, पेटीचे खिळे त्याभोवती ओळीने आहेत का, या गोष्टींवरून नीट केलेले दफन आणि घाईत पुरलेले शरीर यांत फरक करता येतो. दातांत आधुनिक भरण, कृत्रिम सांधा, कृत्रिम धाग्याचे कापड किंवा झिप दिसली तर प्रकरण अलीकडचे ठरते. त्याशिवाय १९५० आणि १९६० च्या दशकांतील अण्वस्त्र चाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सारी कार्बन इतका वाढला होता की त्याची खूण त्यानंतर जगलेल्या माणसांच्या ऊतींत राहते. त्यामुळे मृत्यू त्या काळाच्या आधीचा की नंतरचा हे बऱ्याचदा सांगता येते. या चाचणीला काही आठवडे लागतात, तेव्हा उद्या अहवाल येईल असे गृहीत धरून मजुरांना बोलावून ठेवू नये.

आसपासच्या वस्तू उपयोगी असतात आणि फसव्याही. २००९ साली इंग्लंडमधील डॉर्सेटमध्ये वेमथजवळ नवा रस्ता करताना एका खड्ड्यात शिरच्छेद केलेल्या सुमारे ५० पुरुषांची हाडे मिळाली. खड्डा जुना असल्याने आणि मातीत प्राचीन खापरे असल्याने ती दोन हजार वर्षांपूर्वीची असावीत असे प्रथम वाटले. कार्बन-कालमापनाने ती दहाव्या-अकराव्या शतकातील ठरली, आणि दातांतील समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून; त्यांचे प्रमाण माणूस कुठे वाढला हे सुचवते) त्यांतले अनेक जण स्कँडिनेव्हियासारख्या थंड प्रदेशात वाढलेले, म्हणजे व्हायकिंग, असल्याचे दिसले. लिथुएनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसमध्ये, मात्र वस्तूंनीच कोडे सोडवले. २००१ साली तिथे जुन्या लष्करी तळाच्या जागेवर खोदकाम करताना शेकडो सांगाडे एकावर एक पडलेले दिसले, आणि विसाव्या शतकातील हत्याकांडाची शंका स्वाभाविकपणे पुढे आली. पण गणवेशांची बटणे आणि नाणी नेपोलियनच्या सैन्याकडे बोट दाखवत होती. १८१२ मध्ये रशियातून माघार घेताना थंडी, भूक आणि रोगराईने मेलेले ते सैनिक होते आणि त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक भरली. कोणा कामगाराने ‘आठवण’ म्हणून बटणे खिशात घातली असती तर ही ओळख पटणे किती लांबले असते याचा विचार करावा. सापडलेली वस्तू घरी नेणे अनेक देशांत गुन्हा आहे, हे कामावरच्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

गावाला सांगणे

लहान गावात बातमी दुपारपर्यंत सर्वांना कळलेली असते, त्यामुळे लपवण्यात अर्थ नसतो. पोलिसांच्या संमतीने एकाच व्यक्तीने, त्याच दिवशी, थोडक्यात सांगावे: काम थांबले आहे, यंत्रणांना कळवले आहे, पुढची माहिती अमुक दिवशी देऊ. ठरलेल्या दिवशी नवी माहिती नसली तरी ‘अजून अहवाल आलेला नाही’ हे सांगायला उभे राहावे. गप्प राहिलेल्या जागेत अफवा वाढतात, आणि त्या बऱ्याचदा एखाद्या कुटुंबाकडे बोट दाखवणाऱ्या असतात.

सांगण्याइतकेच ऐकणेही महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते मार्गदर्शक पुस्तिकांत याच गोष्टीला सर्वांत कमी जागा मिळते. टेक्सासमधील शुगर लँड येथे २०१८ साली शाळेच्या इमारतीसाठी खोदताना हाडे निघाली आणि अखेरीस ९५ जणांच्या कबरी मिळाल्या. ती माणसे गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात तुरुंगातून ऊसमळ्यांवर भाड्याने दिलेले कृष्णवर्णीय कैदी होते. त्या परिसरात अशा कबरी असणार, हे रेजिनाल्ड मूर नावाचा स्थानिक कार्यकर्ता अनेक वर्षे सांगत आला होता. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीच्या जागेवर अठराव्या शतकातील आफ्रिकी लोकांची दफनभूमी सापडली, तेव्हा उत्खनन घाईने होत आहे आणि आपल्याला विचारले जात नाही, अशी वंशजांची तक्रार होती. त्यांच्या विरोधामुळे १९९२ मध्ये काम थांबले. पुढे ४१९ जणांच्या अवशेषांचा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठाकडे सोपवला गेला आणि २००३ साली ते त्याच जागी पुन्हा पुरण्यात आले. ज्यांचे पूर्वज तिथे असू शकतात त्यांना पहिल्या आठवड्यात बोलावले तर ते सल्लागार असतात. सहा महिन्यांनी बोलावले तर तोपर्यंत ते वकिलासह येतात. गावातील वयोवृद्ध, जुने नकाशे, जमिनीच्या नोंदी आणि शेतांची नावे यांतून दफनभूमी, साथीचा रोग, छावणी किंवा लढाई यांचा माग लागतो का, हे त्यांच्याच मदतीने पाहावे.

काम, वेळ आणि खर्च

काम किती दिवस थांबेल याचे एक उत्तर नाही. एकटा जुना सांगाडा असेल तर काही दिवसांत मोकळीक मिळू शकते. दफनभूमी असेल तर महिने जातात. काही देशांत मुदती ठरलेल्या आहेत: अमेरिकेत संघराज्याच्या किंवा आदिवासी जमातींच्या जमिनीवर मूळ रहिवाशांचे अवशेष अचानक सापडले, तर १९९० च्या कायद्यानुसार त्या जागचे काम लेखी सूचनेनंतर ३० दिवसांपर्यंत थांबवावे लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरलेले अवशेष हलवण्यासाठी १८५७ च्या दफन कायद्याखाली सर्वसाधारणपणे परवाना लागतो. तोवर पोलिसांच्या संमतीने जागेच्या दुसऱ्या टोकाला काम वळवता येते का, हे अभियंत्याबरोबर बसून पाहावे. कंत्राटात अशा शोधाचा उल्लेख आहे का, थांबलेल्या यंत्रांचे भाडे कोण देणार, मुदतवाढ आपोआप मिळते का, विम्यात हे येते का, ही कलमे त्याच दिवशी वाचून घ्यावीत, आणि यापुढील प्रत्येक कंत्राटात ती आधीच लिहून घ्यावीत.

खर्च वाचवण्यासाठी शोध दडपण्याचा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. त्याला पोर्ट अँजेलिसची हकिकत सांगावी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील या किनारी गावात २००३ साली पुलाचे भाग बांधण्यासाठी गोदी खणायला घेतली आणि क्लालम या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचे त्से-व्हिट-झेन हे प्राचीन गाव दफनभूमीसह उघडे पडले. जागेची पूर्वपाहणी पुरेशी झाली नव्हती. ३०० हून अधिक दफने निघाल्यावर, कोट्यवधी डॉलर खर्च झालेला तो प्रकल्प २००४ च्या अखेरीस त्या जागेवरून सोडून द्यावा लागला.

जागीच ठेवायचे की उचलायचे

अवशेष जुने आणि गुन्ह्याशी संबंध नसलेले ठरले की हा प्रश्न येतो. पाया थोडा सरकवून, जलवाहिनी वळवून किंवा वर न खोदता भराव घालून ते जागीच ठेवता येत असतील तर बहुतेक वेळा तोच पर्याय चांगला; तो स्वस्तही पडतो आणि वंशजांनाही बहुधा मान्य असतो. मात्र वर जड बांधकाम येणार असेल किंवा पाण्याची पातळी बदलणार असेल, तर ‘जागीच ठेवले’ हे फक्त कागदावर राहते.

उचलायचे ठरले तर ते प्रशिक्षित माणसांकडूनच, लेखी परवानगीने आणि संपूर्ण नोंदीसह व्हावे. १९९६ साली इंग्लंडमधील टाउटन खेड्यात बांधकामादरम्यान १४६१ च्या लढाईतील मृतांचा खड्डा लागला. त्यातील तीसहून अधिक सांगाडे पुरातत्त्वज्ञांनी पद्धतशीर उचलले म्हणूनच त्या सैनिकांच्या कवट्यांवरचे घाव आणि पूर्वीच्या लढायांतील भरून आलेल्या जखमा आज अभ्यासता येतात. अभ्यासासाठी अवशेष किती काळ ठेवायचे, डीएनए चाचणीसाठी नमुना घ्यायचा का, आणि शेवटी ते कुठे व कोणत्या विधीने ठेवायचे, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवावे. विधीबाबत वंशजांचा किंवा त्या समाजाचा शब्द प्रमाण मानावा. वंशज ठाऊकच नसतील तर प्रशासनाने गावातील सर्व गटांना विचारून साधा, कोणालाही न दुखावणारा मार्ग निवडावा.

काम पुन्हा सुरू करताना

तोंडी परवानगीवर यंत्र सुरू करू नये. पोलीस आणि पुरातत्त्व खाते, दोघांचीही लेखी मोकळीक हातात असावी आणि ती नेमक्या कोणत्या क्षेत्राला लागू आहे हे नकाशावर आखून घ्यावे. एक कबर असेल तिथे दुसरी असण्याची शक्यता दाट असते, म्हणून उरलेले खोदकाम दात नसलेल्या सपाट बकेटने, पातळ थरांत, जाणकाराच्या देखरेखीखाली करावे. भूवेधी रडारने (जमिनीत रेडिओ लहरी सोडून खालचे भाग पाहणाऱ्या उपकरणाने) आधी पाहणी करून घेता येते, पण ते हाडे दाखवत नाही. जमिनीतील विस्कळीत झालेले भाग दाखवते, आणि चिकणमातीत त्याची पोच फार कमी पडते. जागीच ठेवलेल्या किंवा पुन्हा पुरलेल्या अवशेषांचे ठिकाण अक्षांश-रेखांशांसह जमिनीच्या कागदपत्रांत, गावाच्या दप्तरात आणि पाणी, वीज व दूरसंचार वाहिन्या टाकणाऱ्या खात्यांच्या नकाशांत नोंदवून घ्यावे, आणि त्या नोंदीची पोच आपल्या फाइलमध्ये लावावी.